बारामती व इंदापूर तालुक्यांतील दगडखाणकाम

बारामती व इंदापूर हे महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील अवर्षणप्रवण तालुके आहेत. येथील दगडखाणींतून मुख्यतः काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, काढला जातो. बांधकामासाठी लागणारा डबर, खडी आणि मुरूम ही या खाणींची प्रमुख उत्पादने होत.

भूरचना
सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी झालेल्या लाव्हाच्या उद्रेकांतून दख्खनचे पठार तयार झाले. हे दोन्ही तालुके या पठारावर असल्याने येथे चुनखडकाचे डोंगर नाहीत. महाराष्ट्रात सिमेंटसाठी लागणारा चुनखडक प्रामुख्याने यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांत सापडतो. मात्र कऱ्हा, नीरा व भीमा नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या मातीत चुनखडीचे खडे आढळतात. दख्खनमध्ये पूर्वी असे खडे भट्टीत भाजून, घाणीत मळून बांधकामाचा चुना तयार करीत.

खाणकामाची पद्धत
पूर्वी घण, पहार व छिन्नी यांच्या साहाय्याने दगड फोडून घडवीत. मंदिरे, घाट, वाडे व विहिरी यांच्या बांधकामात घडीव पाषाण वापरला जाई. उजनी जलाशयात बुडालेले आणि पाणी ओसरल्यावर दिसणारे पळसदेव येथील मंदिर हे या तालुक्यांतील पाषाणकामाचे उदाहरण आहे. आता यंत्राने मुरूम हटवून खडकात छिद्रे पाडतात व सुरुंग लावतात. सुटलेला डबर क्रशरमध्ये फोडून चाळणीने वेगवेगळ्या आकारांची खडी व कच वेगळी केली जाते. कृत्रिम वाळूही याच दगडापासून बनते. मालाची मोजणी ब्रासमध्ये होते. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट.

कामगार
महाराष्ट्रात दगड फोडण्याचा व्यवसाय परंपरेने वडार समाजाकडे होता. राज्यात या समाजाचा समावेश विमुक्त जातींमध्ये होतो. यंत्रांमुळे हाताने दगड फोडण्याचे काम घटले. धूळ, कर्णकर्कश आवाज, उडणारे दगड आणि कडा ढासळणे हे खाणीतील प्रमुख धोके आहेत. खाणीतील सुरक्षिततेची तरतूद 2025 पर्यंत खाण अधिनियम, 1952 मध्ये होती.

कायदेशीर तरतुदी
इमारतीचा दगड व मुरूम ही गौण खनिजे आहेत. त्यांच्या उत्खननास महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, 2013 लागू होतात. त्यासाठी परवानगी घेऊन शासनास स्वामित्वधन भरावे लागते. विनापरवाना उत्खनन केल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 अन्वये दंड होतो. 27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 5 हेक्टरांपेक्षा लहान गौण खनिज खाणपट्ट्यांसाठीही पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी आवश्यक ठरवली.

पर्यावरणीय परिणाम
अखंड बेसाल्टमध्ये पाणी फारसे मुरत नाही. ते मुरूमाच्या थरात व खडकाच्या भेगांत साठते. त्यामुळे मुरूम खरवडल्यास किंवा टेकडी खोलवर कापल्यास परिसरातील विहिरींच्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो. सोडून दिलेल्या खाणींत पावसाचे पाणी साचते. त्याचा काही ठिकाणी उपयोग होतो, परंतु कुंपण नसल्यास माणसे व जनावरे बुडण्याचा धोका असतो.

महसुली नोंदीत पुष्कळदा पडीक म्हणून दाखवलेली येथील माळराने चिंकारा, लांडगा व तरस यांचे अधिवास आहेत. बारामती तालुक्यातील सुपे येथे चिंकाऱ्यासाठी मयुरेश्वर वन्यजीव अभयारण्य आहे. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचे गवताळ माळरानही वन्यजीवांसाठी ओळखले जाते. खाणीत एकदा नष्ट झालेला मातीचा पातळ थर पुन्हा तयार होण्यास दीर्घ काळ लागतो. म्हणून खाणपट्ट्याची जागा निवडताना गवताळ प्रदेश व भूजल यांचा विचार करणे आणि काम संपल्यावर खड्ड्याचे पुनर्वसन करणे महत्त्वाचे ठरते.