जावा आज्ञावलीतील मॉड्यूलचा आरंभक्रम

बँका, विमा कंपन्या आणि शासकीय कार्यालये यांचे ऑनलाइन व्यवहार ज्या आज्ञावलींवर चालतात, त्यांपैकी अनेक आज्ञावली जावा एंटरप्राइझ या मंचावर उभारलेल्या आहेत. अशी आज्ञावली अखंड नसून ती अनेक मॉड्यूलची मिळून बनलेली असते. सर्व्हर सुरू होताना ही मॉड्यूल कोणत्या क्रमाने कार्यान्वित होतात, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु रात्रीच्या देखभालीनंतर सर्व्हर पुन्हा सुरू करावा आणि आदल्या दिवसापर्यंत सुरळीत चाललेली सेवा सकाळी उघडूच नये, या प्रकाराचे मूळ पुष्कळदा याच क्रमात आढळते.

या मॉड्यूलना आपल्या पोटात घेऊन चालवणाऱ्या, त्यांना डेटाबेसची जोडणी आणि सुरक्षा पुरवणाऱ्या सर्व्हरच्या भागाला कंटेनर असे म्हणतात. 2013 साली आलेल्या डॉकरमुळे हाच शब्द वेगळ्या अर्थाने रूढ झाला असला, तरी येथे अभिप्रेत असलेला कंटेनर त्याहून जुना आहे.

मोठी आज्ञावली 'ईएआर' या एकाच गठ्ठ्यात बांधली जाते. त्यात संकेतस्थळाची पाने दाखवणारे वेब मॉड्यूल असते, तसेच व्यवहाराचे नियम सांभाळणारी ईजेबी मॉड्यूल असतात. समजा, वेब मॉड्यूल सुरू होतानाच व्याजदरांचा तक्ता मागते आणि तो तक्ता तयार करण्याचे काम ईजेबी मॉड्यूलकडे आहे. वेब मॉड्यूल आधी उठले, तर त्याला हवी असलेली वस्तू अद्याप अस्तित्वातच नसते. परिणामी त्याचा आरंभ फसतो आणि बहुधा संपूर्ण आज्ञावलीच बंद पडते. विकासकाच्या संगणकावर मात्र योगायोगाने क्रम बरोबर लागत असल्याने हा दोष तेथे दिसत नाही.

2009 पूर्वीच्या मानकात याबाबत बंधनकारक नियम नव्हता. प्रत्येक सर्व्हरची रीत निराळी होती. जेबॉसमध्ये त्या सर्व्हरच्या स्वतःच्या फाइलमध्ये 'मॉड्यूल-ऑर्डर' या नोंदीला 'स्ट्रिक्ट' असे मूल्य द्यावे लागे. साहजिकच सर्व्हर बदलला की ही व्यवस्था निरुपयोगी ठरत असे.

डिसेंबर 2009 मध्ये जावा ईई 6 हे मानक प्रसिद्ध झाले आणि ही उणीव दूर झाली. गठ्ठ्यातील 'ॲप्लिकेशन डॉट एक्सएमएल' या फाइलमध्ये 'इनिशियलाइझ-इन-ऑर्डर' ही नोंद करण्याची सोय त्यात करण्यात आली. तिचे मूल्य 'ट्रू' असेल, तर मॉड्यूल ज्या क्रमाने फाइलमध्ये लिहिली आहेत त्याच क्रमाने ती सुरू करणे कंटेनरला बंधनकारक असते. नोंदच नसेल, तर मूल्य 'फॉल्स' धरले जाते. नेमकी येथेच गफलत होते. मॉड्यूल योग्य क्रमाने लिहिली की काम झाले, अशी अनेकांची समजूत असते. पण या नोंदीवाचून त्या यादीला आरंभक्रमाच्या दृष्टीने काहीही अर्थ नाही. शिवाय ही नोंद मॉड्यूलच्या यादीच्या आधी यावी लागते. जावा ईई 5 पासून ही फाइल ऐच्छिक झाली असल्याने अनेकांनी ती गाळली आहे. क्रम हवा असल्यास ती पुन्हा लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरा मार्ग ईजेबी 3.1 ने दिला. एखाद्या सिंगलटन घटकावर 'स्टार्टअप' ही खूण केली, की आज्ञावलीच्या ईजेबी घटकांकडे बाहेरची पहिली विनंती जाण्यापूर्वी तो तयार होतो. 'डिपेंड्सऑन' या खुणेने तो कोणावर अवलंबून आहे हे सांगता येते, मग तो दुसरा घटक त्याच गठ्ठ्यातील अन्य मॉड्यूलमध्ये असला तरी चालते. बंद होतानाही ही शिस्त पाळली जाते. ज्याच्यावर इतर अवलंबून आहेत, तो त्यांचे आवरून होईपर्यंत उपलब्ध राहतो. मात्र एकाच खुणेत दोन नावे लिहिली, तर त्या दोघांचा आपसातील क्रम ठरलेला नसतो. दोन घटक परस्परांवर अवलंबून ठेवण्यास तर मनाईच आहे. तशी पाळी आली, तर आज्ञावलीची विभागणीच चुकली आहे असे खुशाल समजावे. जेथे शक्य आहे तेथे हा दुसरा मार्ग अधिक चांगला, कारण कोण कोणावर अवलंबून आहे हे संकेतावलीतच वाचायला मिळते.

वेब मॉड्यूलच्या आत सर्व्हलेटसाठी 'लोड-ऑन-स्टार्टअप' हा आकडा असतो. लहान आकडा आधी, मोठा नंतर. ऋण आकडा असेल तर निर्णय कंटेनरचा. हा आकडा त्या मॉड्यूलपुरताच चालतो, हे अनेकदा विसरले जाते. निरनिराळ्या आज्ञावलींमधील क्रमाबाबत मात्र मानक आजही मौन बाळगते. वेबलॉजिकमध्ये त्यासाठी प्रत्येक आज्ञावलीला क्रमांक देता येतो. मूळ क्रमांक 100 असून लहान क्रमांकाची आज्ञावली आधी सुरू होते.

क्रम लागला म्हणजे सिद्धता झाली, असेही नाही. पहिल्या मॉड्यूलने तक्ता भरण्याचे काम पार्श्वभूमीवर सोपवून लगेच 'झाले' असे कळवले, तर कंटेनर निःशंकपणे दुसरे मॉड्यूल सुरू करतो आणि तक्ता रिकामाच असतो. म्हणून अशी तयारी आरंभाच्या पद्धतीतच पूर्ण करावी, किंवा मागणाऱ्याने थोडे थांबून पुन्हा मागण्याची सोय ठेवावी.

2017 मध्ये ओरॅकलने हा मंच एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्याचे जाहीर केले आणि पुढे त्याचे नाव जकार्ता ईई झाले. 2020 च्या नवव्या आवृत्तीत पॅकेजच्या नावांतील 'जावाएक्स' जाऊन 'जकार्ता' आले. त्यामुळे जुन्या संकेतावलीत बदल करावे लागतात. वरील नोंदी व खुणा मात्र कायम आहेत. डॉकर कंपोजमध्येही 'डिपेंड्स-ऑन' नावाची नोंद आहे. ती साध्या रूपात दिली, तर आधीचा कंटेनर केवळ सुरू होण्याची वाट पाहिली जाते. तो सेवेस सिद्ध होईपर्यंत थांबायचे असल्यास 'सर्व्हिस-हेल्दी' ही अट स्वतंत्रपणे घालावी लागते.