अर्धा तोळा दारू : अमेरिकेतील बायसन-शिकारीचा जमाखर्च

१८७० च्या दशकाच्या आरंभी फ्रँक मेयर नावाचा एक तरुण अमेरिकेच्या गवताळ मैदानांत उतरण्यापूर्वी हिशेबाला बसला. बायसनच्या कातड्याला तीन डॉलर मिळत होते आणि काडतूस महागात महाग पंचवीस सेंटांना पडत होते. म्हणजे एका बारामागे गुंतवणुकीच्या बारापट परतावा. मैदानांत दोन कोटी जनावरे आहेत असे त्याने गृहीत धरले आणि स्वतःला नशीबवान मानले. हे त्याने उतारवयात सांगितले. अशा आठवणी जपूनच वाचाव्यात. मात्र त्या काळचे शिकारी कसा विचार करीत होते, याचा इतका उघड पुरावा क्वचित सापडतो.

आरंभीच एक खुलासा. अमेरिकन लोक ज्याला ‘बफेलो’ म्हणत आले तो प्राणी म्हैस नव्हे, तो बायसन. त्याचे कातडे पूर्वी केसांसह पांघरुणासाठी विकले जाई, आणि त्यासाठी केवळ हिवाळ्यातील जाड लोकरीचे कातडे चालत असे. १८७१ च्या सुमारास पूर्वेकडील चर्मकारखान्यांना या कातड्यापासून यंत्रांच्या पट्ट्यांना योग्य असे चामडे कमावता येऊ लागले. वर्षभर मारलेल्या जनावराला गिऱ्हाईक मिळाले. १८७२ मध्ये रेल्वे डॉज सिटीला पोहोचली. उरला प्रश्न दारूगोळ्याचा.

त्या काळातील काडतुसाचे नाव म्हणजेच त्याचा हिशेब होता. ‘४५-७०-४०५’ या नावातील पहिला आकडा नळीचा व्यास इंचाच्या शतांशांत सांगतो, दुसरा दारूचे वजन आणि तिसरा शिशाच्या गोळीचे वजन. वजने ‘ग्रेन’मध्ये. एका पौंडात ७,००० ग्रेन. मराठी वाचकाला हे माप परके वाटण्याचे कारण नाही : १८३३ मध्ये कंपनी सरकारने तोळा ठरवला तो नेमका १८० ग्रेनांचा. म्हणजे ४०५ ग्रेनांची गोळी बरोबर सव्वादोन तोळ्यांची, आणि शिकाऱ्यांच्या लाडक्या ‘बिग फिफ्टी’ शार्प्स रायफलीत भरली जाणारी ९० ग्रेन दारू बरोबर अर्धा तोळा.

यावरून मोसमाची शिदोरी काढता येई. ७० ग्रेनांच्या मापाने एका पौंडात शंभर बार निघत. दारू पंचवीस पौंडांच्या पिंपात मिळे. एक पिंप म्हणजे अडीच हजार बार. ९० ग्रेनांचे माप धरले तर तेच पिंप १,९४४ बारांत संपे. हजार बारांना ४०५ ग्रेनांच्या गोळ्या ओतायच्या तर सुमारे ५८ पौंड शिसे लागे, दारू मात्र दहाच पौंड. गाडीवरचे खरे ओझे शिशाचे होते, दारूचे नव्हे. त्यामुळेच कातडी सोलणारे गडी मेलेल्या जनावरात सापडलेल्या गोळ्या उकरून काढीत. त्या वितळवून पुन्हा साच्यात जात.

काडतुसाचे घटक चार : पितळी पुंगळी, बूड पेटवणारी टोपी, दारू आणि गोळी. पैकी तीन प्रत्येक बाराला खर्ची पडतात, चौथी पुंगळी हाती उरते. तयार काडतूस विकत घेणारा दर वेळी पुंगळीची किंमत भरत असे. छावणीत ती पुन्हा भरणाऱ्याच्या हिशेबात तीच किंमत वीस बारांत विभागली गेली तर जवळजवळ नाहीशी होई. मैदानातील शिकारी रात्री शेकोटीपाशी जी कामे करीत त्यांत हे मुख्य होते. वापरलेली टोपी काढायची, पुंगळीतली काजळी धुवायची, नवी टोपी बसवायची, मापट्याने दारू ओतायची, वर गोळी दाबायची. गोळी फार मऊ राहू नये म्हणून शिशात थोडे कथील मिसळत. काळ्या दारूच्या ज्वलनातून अर्ध्याहून अधिक वजन घन राखेच्या रूपाने मागे उरते. नळी धुण्यासाठी पाणी जवळ ठेवणे म्हणूनच हिशेबाचा भाग होता.

लष्कराची गोष्ट वेगळी. १८७३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीला बराच काळ जी तांब्याची काडतुसे मिळत, त्यांची टोपी पुंगळीच्या आत दडवलेली असे. ती पुन्हा भरता येत नसत. सरकारी खजिन्याला ते परवडले, शिकाऱ्याला परवडले नसते. टोप्यांच्या बाबतीत इतिहासाने केलेला एक विनोदही नोंदवण्याजोगा आहे : अमेरिकन बर्डनची टोपी युरोपात रुजली आणि इंग्रज बॉक्सरची टोपी अमेरिकेत. बॉक्सरची टोपी बारीक सळईने सहज बाहेर ढकलता येते, बर्डनची येत नाही.

आणि दारू? पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. १८५७ मध्ये लामो ड्यू पाँ याने चिलीच्या स्वस्त सोडियम नायट्रेटपासून सुरुंगाची दारू बनवली, पण तो क्षार हवेतील ओल शोषतो. रायफलीला खरा सोराच लागे, आणि त्याचा मोठा साठा बिहारच्या मातीत होता. नोनिया लोक गावोगावची खारवट माती धुऊन, उकळून तो काढीत आणि कलकत्त्याहून तो जगभर जाई. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा हाच लामो अमेरिकन सरकारसाठी लंडनला जाऊन हिंदी सोरा मिळेल तेवढा विकत घेत होता. त्याच वेळी ट्रेंट जहाजाचे प्रकरण उपटले, ब्रिटिशांनी निर्यात रोखली आणि वाद मिटेपर्यंत माल अडकून पडला.

आता शिकाऱ्यांकडे परत. राइट मूअर या शिकाऱ्याने आपण एकूण २०,५०० बायसन मारल्याचे सांगितले. आकडा त्याचा स्वतःचा आहे, तरी क्षणभर तो मान्य करावा आणि दर जनावरामागे एक बार व अर्धा तोळा दारू धरावी. बेरीज होते १०,२५० तोळे. ऐंशी तोळ्यांच्या शेराने सुमारे तीन मण आठ शेर. नेम चुकला, दारू सांडली, बार फुसका गेला असे धरून दुप्पट केली तरी साडेसहा मणांच्या आतच. एका माणसाच्या आयुष्यभराच्या संहाराला लागलेली सगळी दारू एका बैलगाडीत मावली असती.

मेयरच्या वहीत जे नव्हते ते कायोवा, कोमांची आणि शायान लोकांचे अन्न, तंबू आणि वस्त्र होते. १८६७ च्या मेडिसिन लॉज तहाने आर्कान्सा नदीच्या दक्षिणेस शिकार करण्याचा त्यांचा हक्क मान्य केला होता. १८७४ मध्ये शिकारी नदी ओलांडून टेक्सासातील अ‍ॅडोब वॉल्स येथे आले आणि व्यापाऱ्यांनी तेथे दुकाने थाटली. २७ जूनच्या पहाटे क्वाना पार्कर आणि इसाताय यांच्या नेतृत्वाखाली शेकडो योद्ध्यांनी त्या वसाहतीवर हल्ला केला. आत अठ्ठावीस पुरुष आणि एक स्त्री. पण ते ज्या इमारतींत लपले होते त्या दारूगोळ्याच्या दुकानांच्याच होत्या, आणि लांब पल्ल्याच्या शार्प्स रायफलींपुढे हल्ला मोडला. पाठोपाठ लष्कराची मोहीम आली. १८७५ च्या उन्हाळ्यापर्यंत क्वानाही शरण आला होता.

जनरल शेरिडनने टेक्सासच्या विधिमंडळापुढे शिकाऱ्यांची बाजू घेऊन केलेले भाषण अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते जॉन कुक या शिकाऱ्याच्या १९०७ च्या पुस्तकातून पसरले. विधिमंडळाच्या दप्तरात त्याचा मागमूस नाही. आकड्यांचेही तसेच. १८७२ ते १८७४ या तीन वर्षांत रेल्वेने १३,७८,३५९ कातडी वाहून नेली असे कर्नल रिचर्ड डॉजने लिहिले. अंक एककापर्यंत नेमका दिसतो. प्रत्यक्षात ती सँटा फे रेल्वेच्या ४,५९,४५३ या आकड्याची तिप्पट आहे, कारण बाकीच्या दोन रेल्वेमार्गांनी तितकीच कातडी नेली असे त्याने धरले. तरीही संहाराची व्याप्ती नाकारता येत नाही.

दक्षिणेकडील कळप १८७० चे दशक सरेपर्यंत संपले, उत्तरेकडील १८८३ च्या सुमारास. मेयरचे स्वप्नातले उत्पन्न त्याला कधीच मिळाले नाही. त्यानंतर त्याच मैदानांत लोक गाड्या घेऊन हाडे वेचू लागले. खतासाठी आणि साखर शुद्ध करण्याच्या कोळशासाठी ती टनांच्या भावाने विकली जात. १८८९ च्या आरंभी विल्यम हॉर्नाडेने संपूर्ण उत्तर अमेरिकेतील, पिंजऱ्यातले धरून, बायसन मोजले. ते १,०९१ भरले.