दिनविशेष : २० फेब्रुवारी

सोलापूर विद्यापीठाला केंद्राच्या योजनेतून शंभर कोटींचा निधी

२० फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जम्मूतून राज्य विद्यापीठांसाठीच्या ‘पीएम-उषा’ (प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा अभियान) योजनेचा दूरदृश्य प्रणालीद्वारे प्रारंभ केला. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाला या योजनेतून १०० कोटी रुपये मंजूर झाले.

हे विद्यापीठ एकाच जिल्ह्याचे. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या यंत्रमाग कामगाराच्या मुलीला एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करायची असेल, तर पुण्या-मुंबईचा खोलीभाड्याचा खर्च घराला पेलवत नाही. केगावला, विद्यापीठाच्या आवारात, मात्र ती रोज जाऊन येऊ शकते. म्हणून तिथल्या प्रयोगशाळेत कोणते उपकरण आहे, यावर तिच्या संशोधनाचा विषय ठरतो. उपकरण नसेल, तर नमुने दुसऱ्या शहरात पाठवून निकालाची वाट पाहावी लागते.

देशातले बहुसंख्य विद्यार्थी अशा राज्य विद्यापीठांतच शिकतात. त्यांच्यापर्यंत एवढा मोठा निधी पोहोचणे, ही या दिवसाची खरी नोंद. या योजनेत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. इमारती आणि उपकरणे या पैशातून उभी राहू शकतात. ती चालवणारे कायम प्राध्यापक आणि तंत्रज्ञ नेमण्याची जबाबदारी राज्य सरकारची आहे, आणि ती टाळता येणार नाही.