उन्हाळ्यात वाहणारी नदी

लहानपणी पेणहून रोह्याला गेलो की भर वैशाखात वाहणारी कुंडलिका पाहून नवल वाटे. आमच्या भोगावतीची धार तोवर बारीक झालेली असे. याचं उत्तर मुळशीत आहे. १९२१चा सत्याग्रह हरला, गावं बुडाली. धरणाचं पाणी सह्याद्रीखाली उतरलं आणि १९२७पासून भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत येऊ लागलं. पुढे याच पाण्याच्या काठी धाटावचे कारखाने उभे राहिले. सांडपाणी नदीनं पोटात घेतलं. पण पातळ झालेली घाण म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. जलप्रदूषणाचा कायदा महाराष्ट्रानं १९६९मध्येच केला होता. भोगावतीला तर असं पाहुणं पाणीही नाही. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडावं. बुडालेल्या गावांचं एवढं ऋण तरी आपण फेडावं.