न जुळणारा हिशेब

पेढीवरच्या वहीत जमा आणि खर्च यांचा मेळ बसला नाही, तर अनुभवी दिवाणजी काय करतो? तो अंकगणिताला दोष देत नाही. एखादी रक्कम मांडायची राहिली असावी असे समजून तो कीर्द पुन्हा पहिल्या पानापासून तपासू लागतो. अणुविज्ञानाच्या इतिहासातही असाच एक प्रसंग येऊन गेला. आज आपण त्याचाच विचार करू.

एक मूलद्रव्य आपोआप दुसरे होते, हे रदरफोर्ड आणि सॉडी यांनी १९०२ च्या सुमारास माँट्रियल येथे दाखविले. पुढे १९१३ मध्ये या स्थित्यंतराचे नियम ठरले. युरेनियमच्या अणुगर्भातून आल्फा कण निघाला की थोरियम उरते. भार पाहा : २३८ = २३४ + ४. विद्युत्भार पाहा : ९२ = ९० + २. बीटा किरणांत अणुगर्भातून इलेक्ट्रॉन निघतो. ‘रेडियम-ई’ या नावाने तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या बिस्मथचे पोलोनियम होते. भार २१० चा २१० च राहतो आणि विद्युत्भार ८३ = ८४ − १ असा जुळतो. कागदावर समीकरण चोख झाले!

परंतु ऊर्जेचा हिशेब मांडताच घोटाळा दिसला. एकाच जातीचा अणुगर्भ दुसऱ्या एकाच जातीत बदलतो. तेव्हा प्रत्येक इलेक्ट्रॉन सारख्याच ऊर्जेने बाहेर पडावयास हवा. चॅडविक यांना १९१४ मध्ये बर्लिन येथे आढळले ते निराळेच. कोणी मंद, कोणी वेगवान, अशी सगळी सरमिसळ होती. वाटेत काही ऊर्जा गळत असेल काय? एलिस आणि वूस्टर यांनी १९२७ मध्ये केंब्रिज येथे रेडियम-ई उष्णतामापकात ठेवून, इलेक्ट्रॉनांची सर्व ऊर्जा तेथेच उष्णतेच्या रूपाने मोजली. दर अणूमागे सुमारे साडेदहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट अपेक्षित होते. मिळाले सुमारे साडेतीन लाख. दोन-तृतीयांश रक्कम गहाळ!

नील्स बोर यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञही म्हणू लागला की, अणुगर्भात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कदाचित केवळ सरासरीनेच खरा असेल. वोल्फगांग पाउली यांना हे पटेना. ४ डिसेंबर १९३० रोजी झुरिचहून ट्युबिंगेन येथे जमलेल्या शास्त्रज्ञांना त्यांनी पत्र लिहिले : इलेक्ट्रॉनबरोबर विद्युत्भाररहित, अत्यंत हलका असा आणखी एक कण निघत असावा. फेर्मी यांनी या कणाला ‘न्यूट्रिनो’ हे नाव रूढ केले आणि १९३४ मध्ये त्याच्या आधारे बीटा किरणांची उपपत्ती मांडली.

येथे कोणी विचारील, ही निव्वळ तोंडमिळवणी नव्हे काय? शंका रास्त आहे. वहीत खोटी रक्कम घालूनही बेरीज जुळविता येते. खरी नोंद आणि खोटी नोंद यांतला भेद एवढाच की, खऱ्या नोंदीची पावती कधी तरी सापडते. ही पावती मिळावयास २६ वर्षे लागली. अमेरिकेत सॅव्हाना नदीकाठच्या अणुभट्टीजवळ राइन्स आणि कोवन यांना हा कण सापडला आणि १४ जून १९५६ रोजी पाउलींकडे तार गेली. दोनच वर्षांनी पाउली निवर्तले. पण आपला हिशेब जुळलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

या कथेशी आपलाही संबंध आहे. विश्वकिरणांमुळे वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा १९६५ मध्ये जगात ज्यांना प्रथम आढळल्या, त्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ होते. जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह ते कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरांहून अधिक खोल उतरले होते.

सोने काढण्यासाठी खणलेल्या त्या खाणीत आमच्या माणसांनी, वजन जवळजवळ नसलेल्या कणाचा माग काढला. हिशेब जुळत नाही हे प्रामाणिकपणे कबूल करणे, आणि जुळविल्यावर त्याची पावती मागत राहणे, या दोन्ही गोष्टींना आम्ही विज्ञाननिष्ठा म्हणतो.