उपचारासाठी क्लोनिंग : मानवी भ्रूणसंशोधनाचा नैतिक प्रश्न

स्कॉटलंडमधील रॉझलिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी 'डॉली' ही मेंढी जन्मास आली. प्रौढ मेंढीच्या कासेतील पेशीपासून तिची निर्मिती झाली होती आणि २७७ प्रयत्नांतून ती एकटीच जन्मास आली होती. या घटनेनंतर मनुष्याची प्रतिकृती निर्माण करू नये यावर जगाचे बहुतांशी एकमत झाले. मात्र 'उपचारासाठी क्लोनिंग' या दुसऱ्या प्रकाराविषयी मतभेद कायम राहिले. आजारी माणसाच्या हितासाठी भ्रूण निर्माण करून तो नष्ट करावा काय, हा त्यातील मूळ प्रश्न आहे.

प्रक्रिया कशी घडते?

स्त्रीबीजातील केंद्रक काढून टाकतात आणि त्याच्या जागी रुग्णाच्या पेशीतील केंद्रक बसवतात. विजेच्या किंवा रसायनाच्या साहाय्याने चालना मिळताच त्या बीजाचे विभाजन सुरू होते. पाच-सहा दिवसांनी तयार झालेल्या भ्रूणातून आतील पेशी काढून घेतात. याच मूलपेशी. त्यांच्यापासून शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी घडवता येते, आणि त्या रुग्णाशी जुळत असल्याने शरीर त्यांना नाकारणार नाही, अशी आशा असते. पेशी काढून घेताच भ्रूण मात्र नष्ट होतो.

येथे एक गोष्ट आपण लक्षात घेतली पाहिजे. प्रतिकृतीसाठी असो वा उपचारासाठी, इथवरची कृती एकच आहे. 'उपचारासाठी' हे विशेषण आपल्या हेतूचे वर्णन करते, भ्रूणाचे नव्हे.

दोन भूमिका

ब्रिटनमध्ये वॉर्नॉक समितीने १९८४ साली चौदा दिवसांची मर्यादा सुचवली. या सुमारास भ्रूणात शरीररचनेची पहिली रेषा उमटते. तत्पूर्वी त्याची जुळी होऊ शकतात, म्हणून त्याला स्वतंत्र व्यक्ती म्हणता येत नाही, असा समर्थकांचा युक्तिवाद आहे. १९९० च्या कायद्याने ही मर्यादा स्वीकारली आणि २००१ साली ब्रिटनने उपचारासाठी क्लोनिंगलाही वाट मोकळी केली. हा युक्तिवाद गंभीर आहे. परंतु एका जीवाचे पुढे दोन होऊ शकतात, एवढ्यावरून आधी तेथे एकही नव्हता असे सिद्ध होत नाही. शिवाय मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ साली चौदा दिवसांपलीकडील संशोधन आपल्या निषिद्ध यादीतून वगळले. सोयीने आखलेली रेषा सोयीने पुढे सरकते.

ख्रिस्तसभेची भूमिका १९८७ च्या 'डोनुम व्हिते' या दस्तऐवजात स्पष्ट झाली आहे : गर्भधारणेच्या क्षणापासून मानवी जीवाला व्यक्ती म्हणून मान दिला पाहिजे. २००८ च्या 'डिग्निटास पर्सोने' या दस्तऐवजाने तर उपचारासाठीचे क्लोनिंग अधिकच गंभीर मानले. कारण येथे जीव निर्माण होतो तोच नष्ट होण्यासाठी.

स्त्रियांचे शोषण

प्रत्येक प्रयत्नासाठी स्त्रीबीजे लागतात आणि ती मिळवताना स्त्रीला संप्रेरकांची इंजेक्शने व शस्त्रक्रिया सोसावी लागते. दक्षिण कोरियाचे ह्वांग वू-सुक यांनी २००४ व २००५ साली क्लोन केलेल्या मानवी भ्रूणातून मूलपेशी मिळवल्याचा दावा केला. तो बनावट असल्याचे चौकशीत उघड झाले व जानेवारी २००६ मध्ये त्यांचे निबंध मागे घेण्यात आले. त्यांच्या संशोधनासाठी दोन हजारांहून अधिक स्त्रीबीजे वापरली गेली होती; त्यांपैकी काही प्रयोगशाळेतील कनिष्ठ संशोधक स्त्रियांची होती.

भारताचे स्थान

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ८ मार्च २००५ रोजी मानवी क्लोनिंगविरोधी जाहीरनामा ८४ विरुद्ध ३४ मतांनी संमत केला. भारताने विरोधात मत दिले. आपल्या देशातील मार्गदर्शक तत्त्वे मानवी प्रतिकृतीस मनाई करतात. मात्र चौदा दिवसांच्या आतील भ्रूणसंशोधनास अटींसह मुभा देतात.

दुसरी वाट

जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली मनुष्याच्या साध्या पेशींना मूलपेशींसारखे रूप दिले. त्यात भ्रूण लागत नाही. २०१२ साली त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला आणि २०१४ साली जपानमध्ये अशा पेशींपासून तयार केलेल्या पटलाचे एका वृद्धेच्या डोळ्यात रोपण झाले. अस्थिमज्जा व नाळेचे रक्त यांतील मूलपेशी तर रक्ताच्या विकारांवर पूर्वीपासून उपयोगी पडत आहेत. अशा संशोधनास ख्रिस्तसभेचे उत्तेजन आहे.

भ्रूणातील मूलपेशींच्या चाचण्याही २०१० पासून माणसांवर होत आहेत आणि उद्या त्यांना यश येऊ शकेल, हे आपण नाकारू नये. म्हणूनच आपला आक्षेप त्या निरुपयोगी आहेत यावर आधारलेला नाही. त्या यशस्वी झाल्या तरी एका जीवाला दुसऱ्याचे साधन करावे काय, हा प्रश्न उरतोच.

पार्किन्सन, मधुमेह वा कण्याच्या दुखापतीने जखडलेल्या आप्तांची वेदना आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. 'स्टेम सेल' उपचार कोणी सुचवल्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : या पेशी कोठून आल्या, आणि हा उपचार मान्यताप्राप्त आहे काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या तत्त्वांनुसार रक्ताशी संबंधित ठरावीक विकार वगळता असे उपचार प्रायोगिक मानले जातात.