मलिक अंबर व गुलामगिरी

मलिक अंबर (सु. १५४८–१४ मे १६२६) हा अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्तबगार वजीर. त्याची कीर्ती मराठवाड्यात मुख्यत्वे मलिकंबरी धाऱ्यामुळे आणि खडकीच्या नहरींमुळे टिकून राहिली. गुलामीतून सर्वोच्च पदाला पोहोचलेला पुरुष म्हणून त्याचा गौरव होतो व तो यथार्थही आहे. परंतु तेवढ्यावरून तो गुलामगिरीचा विरोधक होता असे समजणे सयुक्तिक नाही.

हबसाणात (इथिओपिया) जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव चापू. बगदादमार्गे तो दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्यास विकत घेतले. हा धनीही हबशी व पूर्वीचा गुलामच होता. दख्खनमधील लष्करी गुलामगिरी अमेरिकेतील मळ्यांवरील गुलामगिरीहून भिन्न असून ती सहसा वंशपरंपरेने चालत नसे. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले.

सत्ता हाती आल्यावर अंबरने ही पद्धती मोडली नाही, उलट तिच्यातूनच आपले लष्करी बळ वाढविले. १६१० च्या सुमारास विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने त्याच्या फौजेत सुमारे १०,००० हबशी व ४०,००० दख्खनी असल्याचे नमूद केले आहे.

वंशद्वेषाची झळ मात्र त्याला पोहोचली. जहांगीरने आत्मचरित्रात त्याच्या वर्णावरून हीन विशेषणे योजिली. आपण त्याच्या छिन्न मस्तकावर बाण सोडीत आहोत, असे चित्रही अबुल हसनकडून काढवून घेतले. रणांगणावर हे यश मोगलांना कधीच लाभले नाही. दुसऱ्या मुर्तजा निजामशाहाला दिलेल्या अंबरच्या मुलीस इराणी राणीने दासी म्हणून हिणविले व त्यावरून अंबरने दोघांवर विषप्रयोग करविला (१६१०), असा वृत्तांत आहे. तो खरा मानल्यास त्याला झोंबले ते दासी हे संबोधन. दास्याच्या प्रथेविषयीचा रोष त्यातून दिसत नाही.

स्वतः अंबरने माणसे जोडताना वंश पाहिला नाही. १६०२ मध्ये नांदेडजवळ मोगलांशी झालेल्या लढाईत तो जखमी होऊन पडला, तेव्हा त्याला उचलून सुखरूप नेणाऱ्यांत हबशी होते, तसेच दख्खनीही होते. त्याच्या पश्चात कंधारचा किल्ला (नांदेड जिल्हा) याकूतखान हबशी याच्या मुलाने १६३१ मध्ये मोगलांच्या हवाली केला. उदगीरचा (लातूर जिल्हा) हबशी किल्लेदार सिद्दी मिफ्ताह १६३६ मध्ये शरण गेला आणि शाहजहानने त्यास चाकरीत घेऊन ‘हबशखान’ हा किताब दिला.